लाकडावरच्या वाटीबुरशा आणि काचपट्टीवरचा थेंब

पावसाळ्यात कुजक्या फांदीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या, पिवळ्या, तांबूस वाट्या उगवतात. नुसत्या डोळ्यांनी त्यांची ओळख पटत नाही. एकाच रंगाच्या नि मापाच्या दोन वाट्या भलत्याच वेगळ्या कुळांतल्या निघतात. तरी बुरशीशास्त्राने सूक्ष्मदर्शकाला मानाची जागा द्यायला बराच वेळ लावला. इटलीतल्या मिकेलीने १७२९ सालीच बुरशीचे बीजाणू पाहून, पेरून दाखवले होते. शंभर वर्षांनी स्वीडनच्या एलियास फ्रीसने मांडलेलं वर्गीकरण मात्र मुख्यतः डोळ्यांना दिसेल त्यावरच उभं होतं.

१८८२ पासून पादुआच्या साकार्दोने जगभरच्या बुरशांचे वर्णनकोश काढायला सुरुवात केली. त्याने भर दिला बीजाणूंवर: रंग कोणता, आडवे पडदे किती. वाळलेल्या नमुन्यातही बीजाणू बऱ्यापैकी टिकतात, त्यामुळे पद्धत सोयीची होती. पण सोय म्हणजे नातं नव्हे, आणि साकार्दोचे कितीतरी गट पुढे मोडावे लागले.

त्याच काळात पॅरिसजवळच्या माँमोरांसीत एमिल बुदिए नावाचा औषधविक्रेता ताज्या बुरशा पाण्यात ठेवून बघत होता. वाटीच्या आतल्या थरात अ‍ॅस्कस नावाच्या लांबट पिशव्या दाटीने उभ्या असतात. प्रत्येकीत बहुधा आठ बीजाणू. काही पिशव्या शेंड्याशी झाकण उघडून बीजाणू उडवतात, काहींना झाकणच नसतं. एवढ्याशा फरकावर बुदिएने १८८५ मध्ये मांसल वाटीबुरशांची विभागणी केली. लाकडावरच्या चिमुकल्या वाट्या बहुतेक बिनझाकणाच्या. माझ्या मते या विषयाचा खरा पाया इथे पडला.

पण पुढे पाण्याचा थेंब मागे पडला. कॉस्टिक पोटॅश या तीव्र अल्कलीने वाळका नमुना फुगवायचा, मग रंगद्रव्य घालायचं, ही रीत रुळली. १९२४ मध्ये चेक अभ्यासक मेल्झरने रुसुला या छत्रीबुरशीच्या बीजाणूंसाठी आयोडीन आणि क्लोरल हायड्रेटचं मिश्रण सुचवलं, आणि ते सगळीकडेच वापरात आलं. गोम इथेच होती. काही वाटीबुरशांच्या पिशवीचा शेंडा साध्या ल्युगोल आयोडीनमध्ये, म्हणजे आयोडीनच्या पाण्यातल्या द्रावणात, लाल होतो, पण मेल्झरच्या द्रावणात रंगच दाखवत नाही. आधी पोटॅश लावलं तर दोन्हींत निळा. म्हणजे ‘रंग येत नाही’ अशी जुनी नोंद बुरशीबद्दल असेलच असं नाही, ती द्रावणाबद्दलही असू शकते. जर्मनीच्या हान्स-ओटो बारालने १९८७ मध्ये हे दाखवून दिलं.

१९९२ मध्ये त्याने आणखी पुढचा मुद्दा मांडला: पेशी जिवंत असतानाच पाहा. ब्लेडने वाटीची पातळ चकती काढून पाण्याच्या थेंबात ठेवली की ऑर्बिलिया या वाटीबुरशीच्या जिवंत बीजाणूत एक चमकदार पिंड दिसतो. थेंबभर पोटॅश सोडलं, की पेशी मरते आणि पिंड नाहीसा होतो. जिवंत बीजाणूची मापंही मेलेल्यापेक्षा मोठी भरतात.

हर्बेरियम, म्हणजे वाळक्या नमुन्यांचा संग्रह, त्यामुळे निकामी ठरत नाही. पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या आजरेकर संग्रहासारख्या ठिकाणचे वाळके नमुने बुरशीच्या नावाचा पुरावा म्हणून लागतातच. फक्त त्यांच्याशी तुलना करताना ताज्या नमुन्याचा एक तुकडा मुद्दाम मारून, तशा अवस्थेतही मोजावा लागतो.