ऑक्सिमीटरवर ९८, तरी दम का लागतो?

दादरचा रेल्वे पूल चढून आलेली बाई कठड्याला टेकून धापा टाकतेय. घरी गेल्यावर बोटाला ऑक्सिमीटर लावते, तर आकडा ९८. मग ‘वजन वाढलंय’ म्हणून विषय संपतो. खरं तर त्या चिमट्याला रक्तात हिमोग्लोबिन किती आहे हे कळतच नाही. आहे त्यातल्या किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसलाय, एवढंच तो सांगतो. लोकलच्या सीटा भरल्यात हे कळलं; गाडी बारा डब्यांची की सहा, हे कुठे कळलं?

हिशोब करून पाहू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन १५, म्हणजे दर १०० मिली रक्तात १५ ग्रॅम, असेल तर लिटरभर रक्तात २०० मिली, ७ असेल तर जेमतेम ९४. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवतं, म्हणजे पुरवठा एकाला १००० मिली, दुसऱ्याला ४७०. बसल्या जागी शरीराला २५० मिली पुरतात, म्हणून घरात काही जाणवत नाही. पुलावर मागणी कित्येक पटींनी वाढते. हृदय धडधडतं, तेही पुरेना की मांड्यांचे स्नायू ऑक्सिजनशिवाय साखर मोडून वेळ मारून नेतात. त्यातून रक्तातली आम्लता वाढते आणि श्वास जोरात सुरू होतो. अशा वेळी छातीच्या एक्स-रेआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी तपासणी, करावी. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमियाच.

ही आम्लता ओळखणारा एक पहारेकरी मानेत बसलेला असतो. मेंदूकडे जाणारी धमनी जिथे दुभंगते, तिथली कॅरोटिड बॉडी, तांदळाच्या दाण्याएवढी. ती विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब पाहते, हिमोग्लोबिन मोजत नाही. त्यामुळे निव्वळ ॲनिमियात ती बराच काळ गप्पच असते. मात्र तिच्यापर्यंत येणारं रक्तच आटलं, की ती लगेच ओरडते.

रक्तस्रावात नेमकं हेच होतं. ६० किलोच्या माणसात रक्त सव्वाचार लिटरच्या आसपास. रक्तदानात ३५० मिली गेलं तर शिरा थोड्या आवळतात, श्वासाला पत्ताही लागत नाही. सव्वा लिटरच्या वर गेलं, की मिनिटाला १२ ते २० असणारा श्वास ३० च्या पुढे जातो. आम्लता हे एक कारण झालं. दुसरं मुंबईकराला सांगायला नको: पाणी कमी दाबाने आलं की वरच्या मजल्याचे नळ कोरडे. फुप्फुसाकडच्या धमनीत दाब मुळातच कमी असतो, त्यामुळे रक्त घटलं की फुप्फुसाचा वरचा भाग कोरडा पडतो. हवा आत जाते, ती उचलायला रक्त नसतं. गार बोटांवर ऑक्सिमीटरचा आकडा उड्या मारतो किंवा येतच नाही. म्हणून अपघातात घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. रक्तदाब बऱ्याचदा उशिरा कोसळतो.

पावसाळ्यातल्या डेंग्यूत रक्त बाहेर न सांडताही आटतं. तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात आणि त्याच सुमारास रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून झिरपायला लागतं. सीबीसीत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, चढतो, छातीच्या पोकळीत पाणी साचून दम लागतो. एक-दोन दिवसांनी तेच पाणी रक्तात परततं. तेव्हाही सलाईन जोरात चालूच ठेवलं, तर फुप्फुसं भरतात. ‘अजून एक बाटली लावा’ हा नातेवाइकांचा आग्रह इथे महागात पडतो.

थकलेल्या हृदयाचंही दुखणं फुप्फुसात जास्तीचं साचण्याचंच. आडवं झालं की पायांतलं सुमारे अर्धा लिटर रक्त छातीकडे सरकतं. ते पुढे ढकलता आलं नाही तर फुप्फुसात तुंबतं, आणि माणूस उठून बसतो. म्हणूनच डॉक्टर विचारतात, ‘झोपताना उशा किती लागतात?’ मागच्या महिन्यात एक लागायची, आता तीन लागतात, पायही सुजलेत. हे न विचारता सांगावं, रोज सकाळच्या वजनाची वहीही सोबत न्यावी.