खिशातला मेट्रोनोम: लय मोजणारं यंत्र एवढं बारकं झालं कसं

संभाजीनगरातल्या भजनवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक जुना व्हिडिओ फिरायलाय. साखळीच्या घड्याळासारखी वस्तू, पण तबकडीवर लार्गो, अँदान्ते, प्रेस्तो असली पाश्चात्य संगीतातल्या लयींची नावं लिहिलेली आणि काटा गोल फिरायचं सोडून नुसता डावी-उजवीकडं झुलतोय. लोक विचारायलेत, बिघडलंय का? नाही बिघडलं, तो मेट्रोनोमच आहे, वेळ नाही सांगत, लय सांगतो.

मूळ भानगड लांबीची. साधा लंबक मिनिटाला 60 ठोके द्यायचा तर साधारण 99 सेंटिमीटर लागतो, 120 ला 25 पुरतात, पण 40 वर उतरायचं तर सव्वादोन मीटर! 1696 मध्ये फ्रान्सच्या एतियेन लुलिएनं असला लंबक बनवला होता, भलामोठा, त्यामुळं फार कुणी वापरला नाही. मग 1814 ला ॲमस्टरडॅमच्या विंकेलनं टेकूच्या वर एक आणि खाली एक असं वजन लावलं, तेवढ्यानं बारका दांडा पण संथ डोलायला लागला. माल्झेल नावाच्या जर्मन यंत्रकारानं ती आयडिया उचलली, वर आकड्यांची पट्टी जोडली आणि 1815 ला पेटंट स्वतःच्या नावावर. नंतर निवाडा विंकेलच्या बाजूनं लागला पण नाव माल्झेलचंच चाललं, बेथोव्हननं 1817 मध्ये आपल्या सिंफनींना आकडे दिले ते पण त्याच्याच पट्टीचे.

तरी तो पेटीएवढा राहिला. खिशात न्यायला कुणी मेजरटेपसारख्या फितीला वजन टांगलं, आणि घड्याळवाल्यांनी लंबकच काढून टाकला, त्याजागी मागं-पुढं झुलणारं चक्र आणि केसासारखी बारीक स्प्रिंग. अवघड काम इथंच आहे बरं का, साध्या घड्याळाला एकच वेग लागतो, त्यातला रेग्युलेटर, म्हणजे वेग कमी-जास्त करायची कळ, सरकवला तर दिवसाला काही मिनिटांचा फरक. इथं मिनिटाला 40 ते 208 ठोके, म्हणजे पाचपट, आणि चक्र तेच ठेवलं तर स्प्रिंग पंचवीसपट ताठ लागते. असलं नाजूक काम महागच पडणार, म्हणून हे फार निघाले नाहीत, पुढं इलेक्ट्रॉनिक मेट्रोनोम आले आणि विषयच संपला.

ग्रुपवर एकानं विचारलं, आपल्या गाण्याला चालेल का. द्रुतला, म्हणजे जलद लयीला, आरामात चालेल. पण विलंबित, म्हणजे संथ, एकतालात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची, म्हणजे मिनिटाला 12 ते 15, आणि हा 40 च्या खाली उतरतच नाही. मात्रेचे चार भाग धरून लावला तर जमेल, तबलजी मधली जागा भरतो तसंच.