पडद्यामागचा ऑर्केस्ट्रा: पार्श्वसंगीतकारांची तुलना करण्याआधी

हॉलिवूडच्या पार्श्वसंगीतकारांत कॉर्नगोल्ड श्रेष्ठ की स्टायनर, गोल्डस्मिथ की विल्यम्स, हा वाद ऐन रंगात येतो तेव्हा एक गोष्ट हटकून सुटते. मैफलीसाठी सिम्फनी लिहिणारा आपल्या रचनेची लांबी स्वतः ठरवतो. चित्रपटासाठी लिहिणाऱ्याला ती सेकंदांच्या हिशोबात हाती मिळते, तीही बहुधा शेवटच्या काही आठवड्यांत. वादक किती, वाद्यरचना कोणाची, ध्वनिमुद्रण कुठल्या यंत्रावर, हेसुद्धा अनेकदा दुसरंच कोणी ठरवतं. त्यामुळे या संगीताचा इतिहास जितका सुरावटींचा आहे, तितकाच या अटींचाही आहे.

मूकपटांच्या काळात, १९०८ साली, सॅं-सान्स या फ्रेंच संगीतकाराने एका चित्रपटासाठी स्वतंत्र रचना केली होती. पण चित्र आणि संगीत एकाच फितीवर आल्यावर खरा पेच सुरू झाला. सुरुवातीच्या बोलपटांत ‘हे संगीत येतंय कुठून?’ असा प्रश्न प्रेक्षकांना पडेल, अशी निर्मात्यांना धास्ती होती. १९३३च्या ‘किंग काँग’मध्ये मॅक्स स्टायनरने ती धास्ती मोडून काढली. पडद्यावर प्रचंड गोरिला आणि स्टुडिओत जेमतेम ४६ वादक. तरीही पितळी वाद्यं आणि तालवाद्यांच्या जोरावर त्याने गोरिला म्हणून हलवलेल्या त्या बाहुल्याला वजन दिलं. स्टायनर व्हिएन्नाचा. प्रत्येक पात्राला एक छोटं सूत्र देऊन ते प्रसंगानुसार बदलत न्यायचं, ही जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातली रीत त्याने सोबत आणली होती.

पाऊल पडलं की ठोका आणि जिना चढला की सूर वर, ही त्याची सवय पुढे चेष्टेचा विषय झाली. चेष्टा अगदीच अनाठायी नाही, पण त्यामागचं गणित पाहिलं की आदर वाढतो. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम पळते, म्हणजे मिनिटाला १४४०. १४४० ला दर ठोक्याच्या फ्रेमसंख्येने भागलं की लय मिळते: १२ फ्रेमला एक ठोका म्हणजे मिनिटाला १२० ठोके. फितीच्या ध्वनिपट्टीवर ठरावीक अंतराने भोकं पाडून हा ‘टक’ वादकांच्या हेडफोनमध्ये सोडायचा, हा झाला क्लिक ट्रॅक. कार्टूनपटांमुळे रुळलेली ही युक्ती फ्रेमच्या आठव्या भागापर्यंत बारीक होती. ‘१२-२’ म्हणजे बारा आणि दोन अष्टमांश, अर्थात सव्वाबारा फ्रेमला एक ठोका.

समजा, दार आपटण्याचा क्षण क्यू, म्हणजे त्या प्रसंगाचा संगीताचा तुकडा, सुरू झाल्यापासून २०.५ सेकंदांवर आहे. १२०च्या लयीत तो ४२व्या ठोक्यावर येतो. चार-चार मात्रांची मापं (गट) मोजली तर ही अकराव्या मापातली दुसरी मात्रा, म्हणजे जोर देण्यासाठी गैरसोयीची जागा. आता वाटा दोन. एक तर आधीच्या एका मापात पाचवी मात्रा घालायची, की दार बरोबर मापाच्या पहिल्या मात्रेवर आपटतं. किंवा लय १२-२ करून तो क्षण ४१व्या ठोक्यावर आणायचा. मग ठोका दोन फ्रेम आधी पडतो, पण तेवढं बहुधा खपून जातं. चित्रपटसंगीताच्या छापील प्रतींत मधेच दिसणारी पाच किंवा तीन मात्रांची मापं पाहून ‘काय आधुनिक लयविचार!’ म्हणण्याआधी हे आठवावं. बऱ्याचदा तिथे संकलकाच्या कात्रीचा हात असतो.

क्लिकचा तोटा असा की वाद्यवृंद यंत्रासारखा वाजतो. श्वास घ्यायला, वाक्य ओढायला जागा उरत नाही. फॉक्स स्टुडिओत आल्फ्रेड न्यूमनच्या हाताखाली दुसरी पद्धत पक्की झाली. फितीवर तिरकी रेघ कोरायची. ती पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि नेमक्या क्षणी भोकाचा लखलखाट दिसतो. रेघ साधारण ४८ फ्रेमची, म्हणजे कंडक्टरला दोन सेकंद आधी इशारा. दोन इशाऱ्यांच्या मधली लय मात्र त्याच्या मर्जीची. न्यूमनच्या व्हायोलिनांतला तो दाट, झुलता सूर या मोकळीकीतून आला. लग्नाची, निरोपाची दृश्यं या पद्धतीने मुद्रित केलेली ऐका आणि मग क्लिकवरचा पाठलाग ऐका. फरक संगीतकाराच्या स्वभावाइतकाच पद्धतीचाही आहे.

आता श्रेयाचं पाहू. १९३६च्या ‘अँथनी अ‍ॅडव्हर्स’चं संगीत कॉर्नगोल्डचं, पण ऑस्कर गेलं वॉर्नर स्टुडिओच्या संगीत विभागाचे प्रमुख लिओ फोर्बस्टाइन यांच्याकडे, कारण तेव्हाचा नियमच तसा होता. १९३८च्या ‘रॉबिन हूड’पासून ते संगीतकाराच्या हाती आलं. वाद्यरचनेचं श्रेय तर अजूनही झाकलेलं राहतं. संगीतकार सहसा काही ओळींचा आराखडा लिहितो, ऑर्केस्ट्रेटर त्यावरून तीस-चाळीस ओळींची पूर्ण प्रत तयार करतो आणि नकलनवीस प्रत्येक वादकाची वेगळी पानं काढतात. कॉर्नगोल्ड आणि स्टायनर या दोघांसाठीही ह्यूगो फ्रीडहोफरने वाद्यरचना केली. गोल्डस्मिथबरोबर आर्थर मॉर्टन, विल्यम्सबरोबर हर्बर्ट स्पेन्सर. आराखडा तपशीलवार असेल तर ऑर्केस्ट्रेटरचं काम जवळपास लेखनिकाचं असतं, मोघम असेल तर तो सहलेखकच. ‘याचे हॉर्न काय सुंदर!’ हे विधान म्हणूनच जपून करावं.

बर्नार्ड हर्मन इथे वेगळा उठून दिसतो. आपली वाद्यरचना तो स्वतःच करायचा आणि नेहमीच्या ऑर्केस्ट्राचा साचा त्याला मान्यच नव्हता. १९५१च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मध्ये दोन थेरेमिन (हात न लावता वाजणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य), १९५९च्या ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’मध्ये तंतुवाद्यांना पूर्ण रजा आणि पाच ऑर्गन, तर १९६०च्या ‘सायको’त फक्त तंतुवाद्यं. ‘सायको’मधल्या न्हाणीघरातल्या खुनाला दिग्दर्शक हिचकॉकला संगीत नको होतं. हर्मनने तरी लिहिलं आणि हिचकॉकने मान्य केलं. १९६६च्या ‘टॉर्न कर्टन’साठी हर्मनने १६ हॉर्न आणि १२ बासऱ्या मांडल्या, व्हायोलिन एकही नाही. तेव्हा मात्र त्याच हिचकॉकने ते नाकारलं आणि दोघांचं कायमचं बिनसलं. कमी वाद्यांतून किती साधतं, याचं गोल्डस्मिथचं उदाहरणही जवळ ठेवावं: ‘चायनाटाउन’, १९७४. आधीचं संगीत रद्द झाल्यावर दहा दिवसांत लिहिलेलं. चार पियानो, चार हार्प, तंतुवाद्यं, दोन तालवादक आणि एकटा ट्रम्पेट.

दरम्यान स्टुडिओंचे पगारी ऑर्केस्ट्रा मोडत होते. १९५८च्या वादकांच्या संपात ‘व्हर्टिगो’चं संगीत लंडन आणि व्हिएन्नात मुद्रित करावं लागलं, तेही हर्मनऐवजी म्युर मॅथिसनच्या संचालनाखाली. संपानंतर वादक चित्रपटागणिक बोलावले जाऊ लागले. पॉप गाणी आणि छोटे जॅझ ताफे स्वस्त पडू लागले. जुन्या संगीताच्या हस्तलिखितांचीही आबाळ झाली. एमजीएम स्टुडिओने आपला संग्रह चक्क भरावात टाकला. ते संगीत पुढे पियानोच्या संक्षिप्त प्रतींवरून आणि कानाने ऐकून पुन्हा उभारावं लागलं.

मोठ्या वाद्यवृंदाचं पुनरागमन ‘स्टार वॉर्स’च्या खात्यावर मांडतात. ते बरोबर आहे, पण पूर्ण नाही. १९७२पासून कंडक्टर चार्ल्स गेऱ्हार्टने नॅशनल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून कॉर्नगोल्ड, स्टायनर, न्यूमन यांच्या रचना नव्याने मुद्रित करून घेतल्या आणि श्रोत्यांचा कान आधीच तयार केला. १९३०च्या दशकातल्या ऑप्टिकल, म्हणजे फितीवर प्रकाशाने उमटवलेल्या, ध्वनिपट्टीवर वरच्या कंपनसंख्या दाबल्या जात, त्यामुळे मूळ मुद्रणात व्हायोलिन पत्र्यासारखं वाजतं. त्यावरून कॉर्नगोल्डला जोखणं अन्यायाचं आहे. नवं मुद्रण ऐका, फक्त लय आणि क्रम चित्रपटातलाच आहे ना, हे मूळ चित्रपटाशी ताडून पाहा.

मार्च १९७७मध्ये ‘स्टार वॉर्स’साठी विल्यम्स लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासमोर उभा राहिला तेव्हा दिग्दर्शक लुकसच्या कानात तात्पुरतं लावलेलं जुनं संगीत पक्कं बसलेलं होतं. हाच टेम्प ट्रॅक: संकलनाच्या वेळी हाताशी असलेलं कुठलंही संगीत लावायचं आणि महिनाभर ऐकून त्याच्याच प्रेमात पडायचं. १९४२च्या ‘किंग्ज रो’चं कॉर्नगोल्डने लिहिलेलं शीर्षकसंगीत आणि ‘स्टार वॉर्स’चं शीर्षकसंगीत लागोपाठ ऐकलं की नातं लपत नाही. पण तिथेच ‘चोरी’ म्हणून थांबणं हे आळशी ऐकणं झालं. पहिल्या झेपेनंतर विल्यम्स कुठल्या स्वराकडे वळतो आणि ते सूत्र पुढे किती वेषांत आणतो, ते पाहायला हवं. टेम्प ट्रॅकचा सर्वांत मोठा बळी संगीतकार अ‍ॅलेक्स नॉर्थ. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी त्याने लिहिलेलं आणि मुद्रितही झालेलं संगीत दिग्दर्शक कुब्रिकने न सांगता वगळलं आणि टेम्पमधलं स्ट्राउस नि लिगेटी यांचं संगीतच ठेवलं. नॉर्थला ते कळलं चित्रपट पाहताना. १९९३मध्ये गोल्डस्मिथने ते नॅशनल फिलहार्मोनिककडून मुद्रित केलं, म्हणून आज दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतं.

याच्या अगदी उलट उदाहरण १९८२चं, ‘ई. टी.’चा शेवट. दृश्याशी ठोके जुळवण्याच्या खटाटोपात वादनाचा जीव जात होता. दिग्दर्शक स्पीलबर्गने पडदा बंद करायला लावला, विल्यम्सला मैफलीसारखं वाजवू दिलं आणि मग चित्रच संगीतानुसार कापलं.

आज तसं घडणं अवघड आहे. संगणकावर संकलन शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहतं. १२०च्या लयीत तीन सेकंद कापले की सहा मात्रा, म्हणजे दीड माप, नाहीसं होतं. म्हणून संगीत कुठेही कापता यावं अशा छोट्या, आवर्ती तुकड्यांत लिहिलं जातं. तंतुवाद्यं एका दिवशी आणि पितळी वाद्यं दुसऱ्या दिवशी मुद्रित केली की मिश्रणात काहीही कमी-जास्त करता येतं, पण चेलोवादक हॉर्न ऐकून आपला आवाज सावरतो ती गंमत मात्र जाते. हान्स झिमरच्या पिढीची लांबलचक रेंगाळणारे स्वर आणि घुमणारे पितळी ठोके याच कारखान्यातले आहेत. ते सगळं कल्पनादारिद्र्य नव्हे. हॉवर्ड शोरने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची वाद्यरचना स्वतः केली, सूत्रांचं जाळं तीन चित्रपटांभर विणलं आणि तेही याच काळात. त्याची झिमरशी तुलना जरूर करा, फक्त दोघांना चित्र किती आधी हातात मिळालं होतं, हे आधी शोधून काढा.