टॉवेल ‘स्लाइटली वेट’ असतो, मग ‘स्लाइटली ड्राय’ का नसतो?

‘व्हेरी टायर्ड’ नको, ‘एक्झॉस्टेड’ म्हणा, असे तक्ते मोबाइलवर सतत फिरत असतात. शब्द पाठ होतो आणि दुसऱ्या दिवशी ‘आय ॲम व्हेरी एक्झॉस्टेड’ ऐकू येतं. यात दोष शिकणाऱ्याचा नाही. तक्त्यात शब्द दिला, त्याची मोजपट्टी, म्हणजे तो गुण कुठून कुठपर्यंत मोजायचा ते, दिलीच नाही.

‘टॉल’, ‘एक्स्पेन्सिव्ह’ यांच्या पट्टीला वरचं टोक नसतं. कितीही महाग वस्तूपेक्षा महाग वस्तू असू शकते. तिथे ‘व्हेरी’ लागतं. ‘फुल’, ‘एम्प्टी’, ‘क्लोज्ड’ यांना टोक असतं, म्हणून ‘कम्प्लीटली फुल’, ‘हाफ एम्प्टी’. मराठीतही हंडा पूर्ण भरलेला असतो, माणूस ‘पूर्ण उंच’ नसतो.

खरी गंमत पट्टीच्या दोन टोकांची आहे. दोरीवरचा टॉवेल घ्या. एका कोपऱ्यात ओल राहिली तरी तो ‘वेट’च. थोडंसं पाणी पुरतं, म्हणून ‘स्लाइटली वेट’. ‘ड्राय’ व्हायला मात्र सगळी ओल जावी लागते, म्हणून ‘ऑलमोस्ट ड्राय’, ‘कम्प्लीटली ड्राय’. आता अदलाबदल करा: ‘ऑलमोस्ट वेट’, ‘स्लाइटली ड्राय’. टॉवेलबद्दल दोन्ही खटकतात. पट्टी एकच, पाण्याची. शब्द कोणत्या टोकाला बांधलाय त्यावर क्रियाविशेषण ठरतं. तार ‘स्लाइटली बेंट’ असते आणि ‘ऑलमोस्ट स्ट्रेट’, तेही यामुळेच. क्रिस्टोफर केनेडी आणि लुईस मॅकनॅली या भाषाशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये या टोकांची सविस्तर मांडणी केली. हवामानाला मात्र ‘व्हेरी ड्राय’ खुशाल म्हणतात, कारण तिथे शून्य ओलीची अट नाही. शब्द तोच, पट्टी बदलली. म्हणून नुसत्या याद्या घोकून ‘३० दिवसांत अस्खलित इंग्रजी’ येत नाही.

‘फ्रीझिंग’, ‘ह्यूज’, ‘एक्झॉस्टेड’ यांच्या पोटातच ‘खूप’ आहे. आपले काळाकुट्ट, पांढराशुभ्र, पिवळाधमक असेच. ‘खूप काळाकुट्ट’ कुणी म्हणत नाही, ‘अगदी काळाकुट्ट’ म्हणतात. ते ‘अगदी’ म्हणजे इंग्रजीतलं ‘ॲब्सल्यूटली’: ‘ॲब्सल्यूटली फ्रीझिंग’. ‘रिअली’ दोन्हीकडे चालतं: ‘रिअली टायर्ड’, ‘रिअली एक्झॉस्टेड’. अडल्यास तेच वापरावं.

‘टू’चं मात्र जपून. ते ‘खूप’ नव्हे, ‘जास्तच’. ‘द टी इज व्हेरी हॉट’ म्हटलं तर फुंकर घालून पिता येईल. ‘टू हॉट’ म्हटलं तर कप खालीच ठेवावा लागेल.