गृहशिक्षणातील माहितीपट व चित्रपट

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे पालक परक्या समाजांची ओळख करून देण्यासाठी माहितीपट (जुना शब्द अनुबोधपट) आणि कथापट अभ्यासात घेतात, ती पद्धत. शिक्षणहक्क कायदा (२००९) ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी शाळाच गृहीत धरतो. गृहशिक्षणाची वेगळी तरतूद त्यात नाही. अशी मुले पुढे बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांना बसतात. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला शाहू महाराजांनी दरमहा १ रुपया दंड लावला होता, त्या कोल्हापुरात ही पद्धत जरा अवघडूनच वावरणार.

सामग्रीच्या बाबतीत मात्र हे शहर श्रीमंत आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडातून हद्दपार केलेली सुमारे ५,००० माणसे, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे भारतात येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिली. पोलंडवरचा माहितीपट लावण्याआधी मुलाला महावीर उद्यानातले त्यांचे स्मारक दाखवावे, मग नकाशावर सायबेरिया, इराण, कोल्हापूर असे बोट फिरवावे. पडद्यावरचा बर्फ मग निराळाच दिसतो. त्याच जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. आज कापड घ्यायला आपण जातो ते गांधीनगर हेच.

इटलीचा धागाही घरातलाच. कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. तिथे त्यांची स्मारक-छत्री आहे आणि जवळच्या पुलाचे नावही ‘भारतीयाचा पूल’ असेच आहे. फ्लॉरेन्सवरचे माहितीपट घुमट आणि चित्रे दाखवण्यात गुंतलेले असतात. त्यात ही छत्री आहे का, हे मुलाला शोधायला लावावे. कॅमेरा काय गाळतो हे कळण्याची ही सोपी वाट.

कथापटाचा उपयोग वेगळा. माजिद माजिदी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) मध्ये तेहरानमधले भाऊ-बहीण एकच बूटजोड वाटून घेतात, कारण तिची शाळा सकाळची आणि त्याची दुपारची. मुलींच्या शाळेची वेळ वेगळी का, या प्रश्नावरच एक तास जातो. फारसी संवाद कान देऊन ऐकले तर बाजार, शहर, हजार असे ओळखीचे शब्द मराठी मुलाला सापडू शकतात. उपशीर्षके भरभर वाचता येत नसतील तर पालकाने थांबवून मराठीत सांगावे. थोडा रसभंग चालतो.

पडद्यावर विश्वास किती ठेवावा, हा या पद्धतीतला खरा अवघड भाग. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) इन्युइट (कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतले आदिवासी) जीवनाचा माहितीपट म्हणून गाजला, पण नायकाचे खरे नाव अल्लाकारियालाक होते, बंदुका वापरात असताना शिकार भाल्याने करवली गेली आणि आतल्या चित्रीकरणाला उजेड मिळावा म्हणून बर्फाचे घर अर्धेच बांधले होते. कोल्हापूरच्या मुलाला हे पचायला जड जाऊ नये. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. ‘प्रभात’ही १९२९ मध्ये इथेच निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. पडद्यावरचा राजवाडा रंगवलेला असतो, हे या गावाने कधीच पाहून ठेवले आहे.

शालेय मुलांना निवडक बालचित्रपट दाखवणारी ‘चिल्लर पार्टी’ ही चळवळ शहरात आहे. घरी एकट्याने शिकणाऱ्या मुलाला दहा पोरांच्या गलक्यात सिनेमा पाहायला मिळणे हा तिचा वेगळा फायदा. चित्रपटगृहातल्या चित्रपटांना २०२४ पासून यूए ७+, १३+, १६+ अशा खुणा मिळतात, म्हणजे त्या वयाखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवायचे. ऑनलाइन माहितीपट मात्र पालकाने आधी स्वतः पूर्ण पाहिलेला बरा.

याच्या उलटा पाठही देता येतो: पोलंडमधल्या एखाद्या मुलासाठी मोबाइलवर आपल्या गल्लीचा ५ मिनिटांचा माहितीपट करणे. पहिल्या खेपेला मुले कुस्तीची तालीम, अंबाबाईचे देऊळ आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढेच घेतात. दुसऱ्या खेपेला आई विचारते, ‘आणि आपण रोज काय खातो?’