कड्याशी संपणाऱ्या दऱ्या: झरा की पूर?

काही दऱ्या उगमाकडे निमुळत्या होत नाहीत. दोन्हीकडच्या उभ्या भिंती तशाच मागे जातात आणि अर्धगोल कड्यापाशी दरी एकदम संपते. वरच्या पठारावर बहुधा मोठा ओढाही नसतो. मग इतका खडक हलवला कोणी?

भूजलाने, हे उत्तर बराच काळ सर्वमान्य होते. अमेरिकेतील कोलोरॅडो पठारावरील अशा दऱ्यांवर संशोधक ज्युली लेटी आणि मायकेल मॅलिन यांनी 1985 मध्ये केलेली मांडणी त्यात महत्त्वाची. नवाहो वालुकाश्मात मुरलेले पाणी खालच्या कायेंटा थरावर अडते आणि कड्याच्या पायथ्याशी पाझरते. तिथे वाळूचे कण बांधून ठेवणारे कॅल्साइट विरघळते, पायथा पोखरला जातो, वरचा खडक कोसळतो आणि कडा मागे सरकतो. मरिनर 9 यानाने मंगळावर निर्गल व्हॅलिससारख्या आखूड फाट्यांच्या दऱ्या टिपल्या होत्या. तिथेही हेच घडले असावे, असे मानले जाऊ लागले.

या मांडणीची खरी अडचण कोसळलेल्या दगडांची आहे. ते वाहून गेले नाहीत तर पायथ्याशी ढीग साचतो, कड्याला आधार मिळतो आणि झीज थांबते. सुट्या वाळूत झरा हे काम सहज करतो. फ्लोरिडातील वालुकामय घळी तशाच तयार झाल्या आहेत. ठिसूळ वालुकाश्माचाही चुरा होतो. लाव्हा थिजून बनलेल्या बेसॉल्टचे मात्र मोठमोठे धोंडे पडतात.

आयडाहोतील बॉक्स कॅन्यन हे झऱ्याने कोरलेल्या दरीचे आदर्श उदाहरण वाटे: बेसॉल्टचे सपाट मैदान, वर ओढ्यांचे जाळे नाही आणि टोकाच्या कड्यातून सेकंदाला सुमारे 10 घनमीटर पाणी. 2008 मध्ये मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी तळातल्या धोंड्यांचे गणित मांडले. ते हलवायला सेकंदाला 220 घनमीटरहून मोठा प्रवाह लागतो. धबधब्याखाली पडतात तसे डोह आणि पाण्याने घासलेला खडकही सापडला. म्हणजे दरी महापुराने कोरली, आणि कालमापनानुसार तो पूर सुमारे 45,000 वर्षांपूर्वीचा. आजचा झरा दरी कोरून झाल्यावर तिथे वाहतो आहे, एवढेच.

पण धबधबा कडा उभाच कसा ठेवतो? बेसॉल्ट थंड होताना त्यात उभ्या भेगा पडून खांब सुटे होतात. पुराचा जोर त्यांना काठावरून पुढे उलथवतो. मागे उरतो तो नवा उभा कडा. वेळही फार लागत नाही. 2002 मध्ये टेक्सासातील कॅन्यन लेक धरणाच्या सांडव्यावरून आलेल्या पुराने अवघ्या तीन दिवसांत चुनखडकात सरासरी 7 मीटर खोल घळ कोरली.

म्हणून नुसत्या आकारावरून, विशेषतः मंगळाच्या छायाचित्रांवरून, निदान करणे धोक्याचे. आधी कड्याच्या ओठावर घासल्याच्या खुणा आणि खाचा शोधाव्यात, मग तळातल्या सर्वांत मोठ्या धोंड्यांचा व्यास मोजावा.