बाबागाडी आणि आठ मिलिमीटरचा डोंगर

दिवाळीच्या सुट्टीत लेक आणि नात साताऱ्याला आल्या. नात दीड वर्षाची, वजन ११ किलो. सोबत नवी कोरी घडीची बाबागाडी. "बाबा, फक्त सहा किलो! विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावते," लेक कौतुकानं सांगत होती. खोक्यावर पिसाचं चित्र आणि खाली 'कुठेही न्या'. मी म्हटलं, विमानाचं नंतर पाहू, आधी मंगळवार पेठेतून मोती चौकात जाऊन कंदी पेढे घेऊन येऊ.

पन्नास पावलंही गेलो नसू. नवा काँक्रीटचा रस्ता जिथं सुरू होतो तिथं जुन्या डांबराच्या वर बोटभर कड राहिली आहे. पुढची चाकं त्या कडेला टेकली आणि थांबली. मी जरा जोर लावला. गाडी पुढं सरकायच्या ऐवजी मागची चाकं उचलली गेली आणि नात पट्ट्यावर लोंबकळत रस्त्याकडं बघायला लागली. तिला मजा वाटली, माझ्या पोटात गोळा आला. मागून येणारा कॉलेजचा पोरगा न थांबताच म्हणाला, "काका, उलटी करून ओढा की."

उलटी ओढली, चढली. पण बत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला 'चढली' एवढ्यावर समाधान कसं व्हावं? लॉन रोलर ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं का, हा अकरावीचा प्रश्न मी फळ्यावर शेकडो वेळा सोडवला आहे. ढकलताना जोराचा काही भाग खाली जातो आणि रोलर जड होतो. ओढताना तोच भाग वर जातो आणि रोलर हलका होतो. घरी येईपर्यंत मी लेकीला हेच समजावत होतो. रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं की हे उत्तर इथं अर्धंच लागू पडतं. उरलेलं अर्धं जास्त गमतीचं आहे, आणि बाबागाडी घेताना खरं तर तेच बघायला हवं.

आधी एकटं चाक घेऊ. चाक कडेला टेकलं की ते त्या कडेच्या टोकाभोवती फिरून वर चढतं. त्यासाठी भाराच्या किती पट आडवा जोर लागेल हे दोनच गोष्टींवर ठरतं: चाकाची त्रिज्या आणि कडेची उंची. चाकावरच्या भाराला या पटीनं, म्हणजे गुणोत्तरानं गुणायचं, की जोर मिळाला. अडीच सेंटिमीटरची कड आणि १३ सेंटिमीटर व्यासाचं चाक असेल तर हे गुणोत्तर १.२८ येतं, म्हणजे भारापेक्षा जास्त जोर लावावा लागतो. तीच कड आणि २५ सेंटिमीटरचं चाक घेतलं तर ०.७५. कडेची उंची त्रिज्येइतकी झाली की गुणोत्तर अनंत होतं. मग भीमानं ढकललं तरी चाक चढायचं नाही. बैलगाडीचं चाक छातीएवढं का असायचं याचं उत्तर इथंच आहे. चाकोऱ्या, धोंडे आणि ओढ्याची दरड यांच्याशी गाठ असलेल्या सुताराला हे समीकरण न लिहिता ठाऊक होतं.

इथपर्यंत वजनाला महत्त्व आहे, पण फारसं नाही. गाडी सहा किलोची आणि बाळ अकराचं, एकूण १७. गाडी आठ किलोची घेतली तर १९. ढकलताना हा फरक हाताला जाणवणारही नाही. हलक्या गाडीचा उपयोग ती उचलायची वेळ येते तेव्हा: एसटीत चढताना, रेल्वेच्या पुलावर, तिसऱ्या मजल्यावर. 'हलकी म्हणजे ढकलायला सोपी' ही समजूत लोकांच्या डोक्यात पक्की बसली आहे आणि विकणारे ती मोडायला काही येणार नाहीत.

आता माझी आवडती गोष्ट. जरा आकडे येतील, कंटाळा आला तर तीन परिच्छेद ओलांडून पुढं या.

आपण चाकाच्या आसाला ढकलत नाही, हँडलला ढकलतो. आमच्या गाडीचं हँडल जमिनीपासून १०० सेंटिमीटरवर आहे, आस साडेसहावर. पुढचं चाक अडलं की वरचा जोर आणि खालचा अडथळा मिळून सगळी गाडी पुढच्या बाजूला कलंडवायला बघतात. पुढच्या आणि मागच्या आसांत अंतर ५० सेंटिमीटर. साडेत्र्याण्णव भागिले पन्नास, म्हणजे १.८७. याचा अर्थ असा की हँडलवर लावलेला प्रत्येक एक किलोचा जोर पुढच्या चाकांवर जवळपास पावणेदोन ते दोन किलोचा जादा भार टाकतो. आता कड फक्त एक सेंटिमीटरची धरा. चाकाचं गुणोत्तर येतं ०.६३. मी एक किलो जादा जोर लावला, त्यानं भार १.८७ किलोनं वाढला, आणि तो वाढीव भार चढवायला आणखी १.१८ किलो जोर हवा! सावकाराचं व्याज फेडायला पुन्हा सावकाराकडंच जायचं, तसला प्रकार. जितकं ढकलाल तितकं देणं वाढत जातं. शेवटी मागच्या चाकांवरचा भार शून्य होतो आणि ती हवेत उठतात. म्हणजे माझ्या अंगात जोर कमी पडला नव्हता. तिथं कितीही जोर अपुराच पडला असता.

मग किती उंचीपर्यंत चढेल? १.८७ आणि चाकाचं गुणोत्तर, या दोन्ही आकड्यांचा गुणाकार एकाच्या आत हवा. हिशोब केला तर १३ सेंटिमीटरच्या चाकांना नुसत्या आडव्या ढकलण्यानं सुमारे ८ मिलिमीटर चढता येतं. आठ मिलिमीटर! म्हणजे साधी पेन्सिल आडवी ठेवली तर जेमतेम. चाकं २५ सेंटिमीटरची केली तर १६ मिलिमीटर. चाकं कडक आहेत आणि आपण संथ ढकलतोय असं इथं धरलं आहे. वेगात आलेली गाडी स्वतःच्या गतीनं याहून उंच कड ओलांडते (आणि आतल्या बाळाला दणका बसतो), मऊ रबराची चाकं थोडी सूट देतात. पण छोट्या चाकांची गाडी पेव्हर ब्लॉकवर का रडते, ते एवढ्यावरून कळावं.

गाडी उलटी केली की काय बदलतं? अडणारं चाक आता थेट आपल्या हाताखाली येतं. हँडल वर उचललं की त्याच चाकावरचा भार कमी होतो. आमच्या गाडीत साधारण सात किलोच्या उचलीनं मागची चाकं पूर्ण हवेत येतात. सुलट ढकलताना हँडल उचललं तर उलट पुढच्या चाकांवरच भार वाढतो, म्हणून त्या पोराचा सल्ला बरोबर होता. मात्र बाळाला रस्ता दिसत नाही आणि आपल्याला मागची दुचाकी दिसत नाही. त्याहून चांगली युक्ती: पाय मागच्या आसावर रोवायचा आणि हँडल स्वतःकडं ओढायचं. आसाभोवती गाडी तरफेसारखी फिरते, पुढची चाकं वर येतात, आणि जोर लागतो फक्त साडेतीन-पावणेचार किलोचा. हेच हँडल नुसतं खाली दाबून करायला गेलात तर सतरा किलो दाबावं लागतं, कारण ते मागच्या आसाच्या जेमतेम वीतभर मागं असतं. दुकानात गेलात तर कापडाचा रंग नंतर बघा. आधी मागच्या आसावर चपलेसकट पाय ठेवायला जागा आहे का ते बघा. बऱ्याच घडीच्या गाड्यांत तिथं ब्रेकची नाजूक पट्टी असते, तिच्यावर पाय रोवता येत नाही.

ज्यांनी परिच्छेद ओलांडले ते आता परत आले असतील. या घडीच्या गाडीचा जन्म कसा झाला ते सांगतो. ओवेन मॅक्लॅरेन हा इंग्लंडमधला विमानाचा अभियंता. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या आत दुमडणाऱ्या चाकांच्या रचनेवर त्यानं काम केलं होतं. लेक नातवंडाला घेऊन आली आणि तिच्या अवजड बाबागाडीची ओढाताण त्यानं पाहिली. (आजोबांना कामाला लावायची ही पद्धत जगभर सारखीच दिसते.) १९६५ मध्ये त्यानं छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. वजन सुमारे पावणेतीन किलो. एकमेकींना छेदणाऱ्या नळ्यांच्या कात्र्या, म्हणजे दारावरचं लोखंडी जाळीचं सरकतं शटर असतं त्याच जातीची रचना, आणि ती उघडी राहावी म्हणून मध्यबिंदू ओलांडून बसणारी खिटी. स्टीलच्या डब्याची क्लिप आठवा. मधल्या बिंदूपर्यंत ती विरोध करते, तो ओलांडला की 'टक्' करून स्वतःच आवळून बसते. त्यानंतर वजन टाकाल तितकी ती घट्ट होते. बाळ बसल्यावर गाडी मिटत नाही ती त्यामुळंच. दुकानात ही खिटी चार वेळा उघडझाप करून बघावी; 'टक्' स्पष्ट यायला हवं.

कात्रीची रचना म्हटल्यावर कात्रीचा दुर्गुणही आला. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरेन नावाच्याच जवळपास दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीवर बसवायची झाकणं द्यावी लागली, कारण गाडी उघडताना लहान मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याचे बारा प्रकार नोंदले गेले होते. गाडी उघडताना-मिटताना पोर दोन हात लांब पाहिजे. आमच्याकडं हे काम आता नातीच्या आजीकडं आहे, म्हणजे पोर धरण्याचं.

'एअरक्राफ्ट ग्रेड अॅल्युमिनियम' या शब्दांना मात्र भुलू नका. विमानात वापरतात त्या जातीचे मिश्रधातू सायकलीत आणि शिड्यांतही असतात. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आहे, पण ताठपणाही एक तृतीयांशच. तेवढ्याच मापाची नळी केली तर गाडी लवलवेल. युक्ती नळी रुंद करण्यात आहे. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दीडपट केला की ताठपणा तिपटीहून जास्त होतो, वजन फक्त दीडपट, आणि गाडी पोलादीच्या निम्म्या वजनात तेवढीच ताठ होते. म्हणजे श्रेय धातूइतकंच भूमितीचं आहे. बारीक नळ्यांची 'एअरक्राफ्ट ग्रेड' गाडी दिसली तर हँडल धरून जरा पिळून बघा, आपोआप समजेल.

बाकीचं थोडक्यात. छत्रीसारखी मिटणारी गाडी मिटल्यावरही मीटरभर लांब राहते. रेल्वेत सीटखाली जाईल, विमानाच्या कप्प्यात नाही. कप्प्यात जाते ती तिहेरी घडीची. देशातल्या विमानांत हातातल्या बॅगेला साधारण सात किलोची मर्यादा असते, तेव्हा निघण्याआधी आपल्या कंपनीचे नियम बघून घ्या. सहा महिन्यांच्या आतलं, नीट बसू न शकणारं बाळ असेल तर पाठ पूर्ण आडवी होणारी गाडीच हवी. पट्टा खांदे, कंबर आणि पायांमधून असा पाच टोकांचा हवा; आमची नात त्या दिवशी त्याच्याच कृपेनं रस्त्यावर आली नाही. आणि हँडलला भाजीची पिशवी अडकवू नका. वर सांगितलेली तरफ आठवा: हँडल मागच्या आसाच्या मागं आहे. बाळाला उचलून घेतलं की रिकामी गाडी पिशवीसकट उताणी पडते.

उन्हात गाडीवर ओढणी किंवा पंचा टाकून सगळं बंद करण्याची आपल्याकडं सवय आहे. सावली मिळते हे खरं, पण आतली तापलेली हवा बाहेर जायची वाट बंद होते आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चढतं. एक बाजू उघडी हवीच. तसंच दृष्ट लागू नये म्हणून गाडीला काळी बाहुली, बिब्बा, लिंबू-मिरची लोंबकळत ठेवणारे बरेच दिसतात. नजरेनं आजवर एकही बाबागाडी उलटलेली नाही. लोंबता दोरा मात्र बाळाच्या गळ्याभोवती जाऊ शकतो आणि बिब्ब्याच्या तेलानं कातडीला फोड येतात, हे अगदी रोकडं भौतिक आणि रसायन आहे. 'गाडीत बसवलं की पोरं चालायला उशिरा लागतात' असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. त्यांच्या मनात बहुधा वॉकर असावा. ती वेगळी वस्तू. तिच्यावर कॅनडानं २००४ मध्येच बंदी घातली. फिरायला नेण्यापुरत्या बाबागाडीनं कुणाचे पाय अडत नाहीत.

आमच्यासारख्या जिल्ह्यात एक हिशोब वेगळा मांडावा लागतो. सज्जनगडाच्या पायऱ्या, कासच्या पठारावरचे दगड, माहुलीच्या संगमावरचा घाट, इथं कुठलीच बाबागाडी कामाची नाही. तिथं पाठीवरची झोळी किंवा आजोबांचा खांदा. मोठ्या चाकांची गाडी गावात सुखाची, पण एसटीत शिरताना कंडक्टर जे बघतो ते बघवत नाही. शेवटी मी लेकीला सांगितलं की हीच ठेव, परत करू नकोस. पुणे विमानतळ आणि पुढच्या गुळगुळीत फरशीसाठी ती उत्तम आहे. साताऱ्यासाठी मी जुनी, १० इंची चाकांची, नऊ किलोची एक गाडी ओळखीतून आणून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फूटपट्टी घेऊन बाहेर पडलो. घरापासून राजवाड्यापर्यंत आठ मिलिमीटरहून उंच असे अडथळे मोजायचे होते: गटाराच्या झाकणांच्या कडा, खणून बुजवलेले चर, गतिरोधक, फरशा. एकोणीसपर्यंत मोजले. विसाव्याजवळ गुडघे टेकून पट्टी लावत होतो, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी मेथीची जुडी बाजूला ठेवत विचारलं, "सर, काय पडलंय का? हुडकू का मी बी?"